हुशार आहे, पण लक्षच देत नाही!

"हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही." या एका वाक्यावर कायद्यानं बंदी आणावी, अशी माझी फार दिवसांची मागणी आहे. पालकसभेत बाई हे म्हणतात, क्लासचे सर म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, आणि पाच-सहा वर्षं सतत ऐकल्यावर आई-बापही म्हणायला लागतात. वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. उलट त्यात हुशारीचं सर्टिफिकेट आहे म्हणून घरचे थोडे सुखावतातसुद्धा. पण जरा उलगडून बघा. त्याचा खरा अर्थ असा, की डोकं देवानं दिलंय पण पोरगं ते मुद्दाम वापरत नाही. म्हणजे खोट बुद्धीत नाही, वृत्तीत आहे. आणि एकदा का खोट वृत्तीत आहे असं ठरलं, की औषधही ठरलेलंच... शिस्त! मग मोबाईल बंद, खेळ बंद, आणखी एक क्लास, आणि सगळ्यावर कडी म्हणजे "निवासी शाळेत टाका, सरळ होईल."

ही शेवटची सूचना सध्या आमच्याच घरात फिरते आहे. बहिणीचा मुलगा चौथीत आहे. येत्या जूनमध्ये त्याला निवासी शाळेत घालायचं की नाही यावर फोनाफोनी चालू आहे, आणि प्रत्येक फोनची सुरुवात त्याच वाक्यानं होते. तेव्हा हा लेख जितका ब्लॉगवाल्या दोस्तांसाठी आहे तितकाच घरच्या मंडळींसाठीही आहे. ताई, तू चिडशील हे गृहीत धरलंय. पण शेवटपर्यंत वाच.

माझं म्हणणं थोडक्यात असं: 'लक्ष देणं' ही इच्छाशक्तीची बाब नाही, ते हळूहळू येणारं कौशल्य आहे. त्याचे दोन पाय आहेत. एक पाय आपण मुलांना मारूनमुटकून टाकायला लावतो, आणि दुसरा आपणच लुळा करून ठेवतो. मग पोरगं लंगडतं म्हणून पुन्हा त्यालाच ओरडतो.

आता हे दोन पाय कुठले? मानसशास्त्रातली नावं भारदस्त आहेत. पहिलं एक्झिक्युटिव्ह फंक्शन आणि दुसरं मेटाकॉग्निशन. मराठीत यांचे जे प्रतिशब्द केलेत ते वाचून झोप येते, म्हणून मी आपले घरगुती शब्द वापरते: 'आवर' आणि 'भान'.

आवर म्हणजे स्वतःला आवरण्याची, वळवण्याची ताकद. २००० साली मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे तीन घटक वेगळे करून दाखवले आणि आजही बहुतेक अभ्यासक तेच धरून चालतात. हातून आपसूक होणारी कृती रोखणं, डोक्यात माहिती धरून ठेवून तिच्यावर काम करणं, आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर उडी मारणं. अवघड वाटतंय? 'चिमणी उड, कावळा उड' आठवा. "म्हैस उड!" म्हटल्यावर बोट वर न जाऊ देणं हा पहिला घटक. 'शिवाजी म्हणतो' खेळताना शिवाजी म्हणाला की नाही हे ध्यानात ठेवून हालचाल करायची, इथे पहिला आणि दुसरा दोन्ही आले. आणि 'डोंगर का पाणी' मध्ये राज्य घेणारा ऐन वेळी शब्द फिरवतो तेव्हा पाय वळवणं म्हणजे तिसरा! परदेशात मुलांचा आवर मोजण्यासाठी "डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा" अशी चाचणी घेतात. आपण ती अंगणात फुकट देत होतो.

भान म्हणजे आपल्याच डोक्यात काय चाललंय याची जाणीव. मला हे समजलंय का? कुठे अडलं? हे पाठ झालं की नुसतं ओळखीचं वाटतंय? याला मेटाकॉग्निशन हे नाव रूढ केलं ते जॉन फ्लेवेल यांनी, १९७० च्या दशकात. त्याआधी १९७० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला होता. लहान मुलांना विचारलं, की ओळीनं दाखवलेली किती चित्रं तुला लक्षात राहतील? बालवाडीतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी छातीठोकपणे सांगितलं, दहाच्या दहा! प्रत्यक्षात तीन-चार चित्रांपुढे गाडी जाईना. ही थापेबाजी नव्हे. स्वतःच्या स्मरणशक्तीचा अंदाज ही स्वतंत्र शिकण्याची गोष्ट आहे आणि त्या वयात ती झालेली नसते, एवढंच.

आता खरा मुद्दा. आवर आणि भान यांचं आपसात नातं काय?

पहिला प्रयोग फिलिप झेलाझो यांचा, १९९६ चा. तीन वर्षांच्या मुलांना रंगाप्रमाणे पत्ते लावायला सांगितले, त्यांनी लावले. मग सांगितलं, आता आकाराप्रमाणे लाव. मुलं रंगाप्रमाणेच लावत राहिली. पण त्यांना नवा नियम विचारला की बरोब्बर सांगायची! नियम ठाऊक आहे, तोंडपाठ आहे, आणि हात मात्र जुन्याच वाटेनं जातोय. साधारण पाच वर्षांची मुलं हेच सहज करतात. म्हणजे "सांगितलेलं कळत नाही का तुला?" या आपल्या लाडक्या प्रश्नाचं उत्तर आहे, "कळतं, पण अजून करता येत नाही." कळणं आणि वळणं यांच्यामधला हा रस्ता मेंदूला बांधावा लागतो. त्यात मोठा वाटा असलेला कपाळामागचा भाग विशी ओलांडेपर्यंत पक्का होत असतो.

दुसरा प्रयोग १९८९ चा, दुफ्रेन आणि कोबासिगावा यांचा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या, काही सोप्या तर काही अवघड. मोठ्या मुलांनी अवघड जोड्यांना जास्त वेळ दिला. लहान मुलांनी दोन्हींना सारखाच वेळ दिला. गंमत अशी की अवघड कुठल्या हे लहानांपैकीही बऱ्याच जणांना सांगता येत होतं. म्हणजे भान होतं. पण त्या भानाचं पुढे काय करायचं, वेळ इकडून तिकडे कसा वळवायचा, हा आवर नव्हता. चौथीतलं पोर येत असलेला धडाच पुन्हा पुन्हा वाचतं आणि न येणारं गणित टाळतं, त्यावर आपण 'कामचुकार' असा शिक्का मारतो. तो शिक्का मारण्याआधी हा प्रयोग आठवावा.

तिसरा प्रयोग उलट बाजूचा. २०१६ साली फ्रान्समध्ये लुईज गुपिल आणि सहकाऱ्यांनी वीस महिन्यांच्या बाळांना खेळणं लपवून दाखवलं आणि थोड्या वेळानं शोधायला लावलं. काही बाळांना आधी शिकवलं होतं की अडलं तर आईकडे बघून मदत मागता येते. ही बाळं खेळणं कुठे आहे हे माहीत नसताना जास्त वेळा मदत मागायची, आणि त्यामुळे चुकायचीही कमी. वीस महिने! बोलायला धड येत नाही, पण "मला हे माहीत नाही" एवढं आतून जाणवतं आणि ते पोर आईकडे वळून बघतं.

हे तिन्ही प्रयोग शेजारी ठेवा. भानाचं बी फार लवकर असतं, पण कच्चं असतं. आवर मागून येतो. आणि दोन्ही एकमेकांना हात देत मोठे होतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या क्लॉडिया रोबर्स यांनी २०१७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. दोन्हींमध्ये तत्त्वतः बरंच साम्य आहे, दोन्ही मिळून स्वतःला हाकण्याचं काम करतात, पण प्रत्यक्ष मोजमापात त्यांच्यातला संबंध बेताचाच निघतो, असं त्यातलं चित्र आहे. म्हणजे एक आलं की दुसरं आपोआप येत नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. गप्प बसणाऱ्या, हात बांधून बसणाऱ्या मुलाला आपल्याला काय कळलं नाही याचं भान असेलच असं नाही. आणि चुळबुळ करणाऱ्या मुलाला ते नसेलच असंही नाही.

आमच्या भाचेबुवांचंच बघा. दिवाळीत आला होता तेव्हा भागाकाराची वही घेऊन बसला होता. मला म्हणाला, "मावशी, मला भाग लावता येतो. पण मधे शून्य येतं ना, तेव्हा ते वर लिहायचं की नाही हे मला दर वेळी वेगळं वाटतं." अहो, याहून नेमकं निदान एखाद्या शिक्षकालाही जमणार नाही! आपल्या गोंधळाची जागा त्यानं बोटानं दाखवली. मी त्याच्याबरोबर सहाला सहाशे अठरा भागून बघितले, उत्तर तेरा आलं, मग मी विचारलं, "सहाशे लाडू सहा जणांत वाटले तर एकेकाला शंभर तरी मिळतील ना?" तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे शून्यानं जागा धरून ठेवायची असते!" वीस मिनिटांचं काम. पण हेच वाक्य त्यानं घरी सांगितलं होतं तेव्हा त्याला ऐकायला मिळालं होतं, "कारणं सांगू नकोस, लक्ष दे." आणि शाळेच्या वहीत लाल शाईनं 'निष्काळजीपणा' असा शेरा होता.

इथे माझं डोकं फिरतं. वीस महिन्यांचं बाळ "मला माहीत नाही" म्हणून वळून बघतं तेव्हा आपण त्याला उचलून घेतो. तेच मूल नऊ वर्षांचं झालं आणि तेच म्हणालं, की आपण त्याला कारणं सांगणारा म्हणतो. असं शंभर वेळा झालं की मूल काय शिकतं? न कळणं लपवायला शिकतं. बाईंनी "समजलं का?" विचारलं की साठ पोरं एका सुरात "होऽऽऽ" म्हणतात ना, तो सूर असाच तयार होतो. भान मरत नाही कदाचित, पण ते बोलायचं बंद होतं. आणि न बोललेलं भान काही कामाचं नाही.

आता समोरच्या बाजूचे वकील उभे राहतात. त्यांच्या हातात मार्शमेलो असतो. व्हॉट्सॲपवर हा किस्सा तुम्हाला दहा वेळा तरी आला असेल. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीतल्या मुलांपुढे एक गोड गोळी ठेवली, "थांबलास तर दोन देईन" म्हणाले, आणि जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. तात्पर्य: मुलांना लहानपणापासून मन मारायला शिकवा!

प्रयोग खरा आहे, १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला. तात्पर्य मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांचं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तो पुन्हा तपासला. थांबणं आणि पुढचं शैक्षणिक यश यांचा संबंध मूळ अभ्यासाच्या साधारण निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश विरघळला. सेलेस्ट किड यांचा प्रयोग त्याहून बोलका आहे. त्यांनी आधी काही मुलांना "चांगले खडू आणून देते" असं सांगितलं आणि आणले नाहीत. काहींना आणून दिले. मग गोळी ठेवली. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या गटातली तीन मिनिटं. मुलांचा आवर कमी-जास्त नव्हता. समोरच्या मोठ्या माणसावरचा भरवसा कमी-जास्त होता. दर वेळी "पहिल्या पाचात आलास तर सायकल" म्हणायचं आणि पाचात आल्यावर "आता पुढच्या वर्षी" म्हणायचं, आणि वर पुन्हा पोराला धीर नाही म्हणायचं, हे आपले उद्योग.

आणि मिशेल यांचं स्वतःचं काम काय सांगतं ते तर फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. जी मुलं थांबली ती दात-ओठ खाऊन थांबली नव्हती. ती तोंड फिरवायची, गाणं म्हणायची, गोळी म्हणजे ढग आहे असं मानायची. युक्तीनं थांबली होती. १९८३ च्या अभ्यासात तर मिशेल पती-पत्नींनी मुलांना थेट विचारलं, की थांबताना खाऊ समोर उघडा ठेवायचा का झाकून ठेवायचा? चार वर्षांची मुलं उघडा ठेवायला मागायची, म्हणजे नेमका अवघड मार्ग निवडायची. पाच पूर्ण होता होता झाकण्यातला फायदा कळायला लागला. झाकणं हा आवर, पण "उघडा राहिला तर माझं मन त्यात अडकेल" हे कळणं म्हणजे भान. भान आलं म्हणून आवर सोपा झाला! मन मारण्याचा इथे संबंधच नाही, मन ओळखण्याचा आहे.

"पण मग स्वतःवर ताबा असणं महत्त्वाचं नाही का?" आहे, हजार वेळा आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा तिशीपर्यंत माग काढून २०११ मध्ये टेरी मॉफिट यांनी दाखवलं, की लहानपणचा स्वतःवरचा ताबा आणि पुढचं आरोग्य, पैसा, गुन्हेगारी यांचा संबंध आहे, बुद्ध्यांक आणि घरची स्थिती वगळूनसुद्धा. मी हे नाकारत नाही. पण नीट वाचा, 'स्वतःवरचा' ताबा! आपण मुलांना देतो तो दुसऱ्याचा ताबा. दप्तर आई भरते, गृहपाठ काय आहे ते आई पालकांच्या ग्रुपवर विचारते, कधी अभ्यास, कधी खेळ, कधी दूध हे वेळापत्रक बाबा भिंतीवर चिकटवतात, उत्तर बरोबर की चूक ते बाई सांगतात. या सगळ्यात पोरानं स्वतः ठरवलं काय? तपासलं काय? लगाम दुसऱ्याच्या हातात असलेला घोडा सरळ चालतो, म्हणून त्याला रस्ता माहीत आहे असं म्हणत नाहीत. आणि भाऊजी, माफ करा, पण निवासी शाळेत पाच वाजता घंटा आणि सात वाजता घंटा असते, तिथे तर लगामाला तीन पदर. घंटा थांबली की काय होतं ते वसतिगृहातून सुटून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं बघितलेल्या कुणालाही विचारा.

दुसरे वकील क्लासवाले. मुलांचं लक्ष लागत नाही ही आई-बापांची भीती आहे, आणि जिथे भीती तिथे दुकान. मधल्या काळात गावोगावी 'मिडब्रेन' जागा करणाऱ्यांचं पेव फुटलं होतं, आठवतंय? डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचून दाखवायची. नाकाशेजारच्या फटीतून! मेंदूचा तो भाग खरंच झोपलेला असता तर पोराला डोळेसुद्धा नीट फिरवता आले नसते. अमेरिकेत मेंदूच्या खेळांचं ॲप विकणाऱ्या लुमॉसिटीच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी वीस लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. आणि आपल्या लाडक्या अबॅकसबद्दल चक्क वडोदऱ्यातल्या एका शाळेत तीन वर्षांचा रीतसर प्रयोग झालाय, डेव्हिड बार्नर आणि मंडळींचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. मुलांचं गणित काही प्रमाणात सुधारलं, हे खरं. पण स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे मूळ क्षमता वाढल्याचं दिसलं नाही. अबॅकस शिकवा, बोटांना छान चाळा आहे, आकडेमोड सुधारेल. पण त्यानं 'लक्ष द्यायला' लागेल म्हणून पैसे भरू नका.

तिसरे वकील आपले ज्येष्ठ. "आम्ही घोकून शिकलो, आमचं काय वाईट झालं?" काही नाही झालं काका. आणि पाठांतराला माझा विरोधही नाही. पाढे पाठ असले की डोक्यातली जागा मोकळी राहते आणि ती अवघड भागासाठी वापरता येते, हे संशोधनाशी जुळतंच. पण घोकणारालाही भान लागतं, की कुठला पाढा कच्चा आहे. पूर्वी 'सोळाचा म्हण, आता एकोणिसाचा, आता उलटा' असं करताना ते मिळायचं. शिवाय तुमच्या काळी दुपारभर मोकळं रान होतं. विटी-दांडू कुणी खेळायचा, नियम काय, भांडण झालं तर मिटवायचं कसं, हे पोरंच ठरवत होती. तुमचा आवर वर्गात तयार झाला असं तुम्हाला वाटतं. माझी पैज आहे, तो निम्मा मैदानात तयार झाला.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसं होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. वीस गुरांवर दिवसभर नजर ठेवणाऱ्या पोराला "लक्ष देत नाही" कोण म्हणेल? लक्ष आहे, ते कशाला द्यायचं आणि का, हे त्याचं त्याला पटलेलं आहे.

मग करायचं काय? जादू नाही, आणि खात्रीची पाककृतीही नाही. बालवाडीत नाट्यखेळांतून आवर वाढवणाऱ्या अभ्यासक्रमांवर २००७ पासून मोठी चर्चा झाली, नंतरच्या चाचण्यांत निकाल संमिश्र आले. पण एक धागा मला भरवशाचा वाटतो. २०१३ मध्ये झेलाझो आणि सहकाऱ्यांनी त्याच पत्त्यांच्या खेळात अडलेल्या मुलांना तीन प्रकारे मदत करून बघितली. काहींना नुसता सराव, काहींना "चूक, बरोबर" एवढंच, आणि काहींना थांबवून, "हे चित्र दोन प्रकारे बघता येतं, आत्ता आपण कुठला खेळ खेळतोय?" असा विचार करायला लावून. सुधारणा झाली ती या शेवटच्या गटात. आवर वाढला तो भानाच्या दारातून. लाल शाईच्या दारातून नाही!

घरात करण्यासारखं साधं आहे. पोरानं धडा वाचून संपवल्या संपवल्या "आलं का?" विचारू नका. तेव्हा सगळ्यांना आल्यासारखंच वाटतं. जेवणानंतर विचारा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचासुद्धा स्वतःबद्दलचा अंदाज मधे वेळ गेला की खूपच बरा होतो, हे २००० साली वोल्फगांग श्नायडर यांनी दाखवलंय. पेपरला जाण्याआधी "किती मिळतील असं वाटतं?" विचारा आणि पेपर आला की दोघांनी मिळून अंदाज ताडून बघा. मार्क कमी पडले तर नाही, अंदाज चुकला तर गप्पा मारा. दप्तर त्याला भरू द्या आणि वही राहिली तर पोचवायला धावू नका. गणित करताना पोर स्वतःशी पुटपुटत असेल तर "मनात वाच" म्हणून गप्प करू नका. व्हायगोट्स्की नव्वद वर्षांपूर्वी सांगून गेला, ते पुटपुटणं म्हणजेच स्वतःला हाकायला शिकणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "मला इथे कळलं नाही" असं पोर म्हणालं की ते वाक्य कौतुकाचं आहे हे त्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसू द्या.

शाळांकडूनही मागू या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपुस्तकात मुलाचं स्वतःचं मूल्यमापन असावं असं स्पष्ट लिहिलंय. ते कागदावर आईच्या अक्षरात भरलं जाऊ नये एवढं तरी बघू या! साठ मुलांच्या वर्गात एकेकाचं अडणं ऐकायला बाईंना वेळ नाही, हे मला मान्य आहे, आणि त्याबद्दल मी बाईंवर चिडलेली नाही. पण मग वेळ नाही असं लिहावं. 'निष्काळजीपणा' लिहू नये.

असो. फार झालं. ज्या मुलांना खरोखर तज्ज्ञांची मदत लागते, एडीएचडी वगैरे, त्यांना ती जरूर आणि लवकर मिळावी. त्यांच्यासाठीही 'लक्ष देत नाही' हे वाक्य तितकंच निरुपयोगी आहे. ताई आणि भाऊजी, निर्णय तुमचा आहे. माझी विनंती एवढीच, की फॉर्म भरण्याआधी त्यालाच विचारा, तुझं कुठे अडतं? उत्तर देताना तो चुळबुळ करेल. करू दे. उत्तर ऐका. नऊ वर्षांच्या मुलाला आपलं कुठे अडतं हे सांगता येत असेल, तर त्याला घंटेची गरज नाही, ऐकणाऱ्याची आहे. आणि बाकीच्या मंडळींनी भांडायला जरूर यावं. मार्शमेलो घेऊन येऊ नये. :)